‘स्लिप निघाली की पैसे दुकानदाराचे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

कार्डाचे पैसे दुकानदाराच्या खात्यात कसे येतात, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर ‘जागरूक ग्राहक’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. म्हणणं असं, की कार्डाच्या पहिल्या सहा आकड्यांवरून बँक ओळखतात ही माहिती जुनी आहे, कार्डाच्या व्यवहारावर बँक कापते ते दोन टक्के दुकानदार ग्राहकाकडून उकळतात त्यावर मी गप्प आहे, कार्डाच्या नंबराऐवजी वापरतात त्या टोकनचा उल्लेखच नाही. आणि शेवटी : ‘स्लिप निघाली की पैसे दुकानदाराचे, बाकी सगळं रडगाणं. कधी गल्ल्यावर बसला असता तर कळलं असतं. दुकानदार सगळे सारखेच, लुबाडायचं आणि वर रडायचं.’

आकड्यांचं तुमचं बरोबर आहे. आता सहाऐवजी आठ आकडे धरतात. लेखात दुरुस्ती केली, आभार.

पण ‘कधी गल्ल्यावर बसला असता तर’? अहो, मी बारावीची परीक्षा देऊन आलो तो थेट गल्ल्यावर बसलो. साताऱ्यात आमचं भांड्यांचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. आज सव्वीस वर्षं मी तिथेच आहे. चूक दाखवा, हवी तेवढी दाखवा. पण माणूस कोण, काय करतो याची चौकशी न करता त्याची लायकी काढायची ही कुठली पद्धत?

आता ते ‘स्लिप निघाली की’. मशीनमध्ये कार्ड घातलं की निरोप आधी दुकानदाराच्या बँकेकडे जातो, तिथून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यातून ग्राहकाच्या बँकेकडे. ती बँक पिन बघते, कार्ड चालू आहे का बघते, लिमिट बघते आणि होकार कळवते. दोन-तीन सेकंदांचं काम. त्या होकाराची स्लिप निघते. त्या क्षणी, क्रेडिट कार्ड असेल तर, ग्राहकाच्या लिमिटमधून रक्कम अडकवून ठेवलेली असते, पण दुकानदाराच्या खात्यात एक रुपयासुद्धा आलेला नसतो. रात्री मशीनवर बॅच सेटल केली, की दिवसभराचे व्यवहार बँकेकडे जातात, तिथून जाळ्याकडे. मग बँकाबँकांचा हिशेब होतो आणि आमच्या बँकेने कापायचं ते कापून उरलेले पैसे आम्हाला साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी दिसतात. हल्ली बरीच मशीनं सेटलमेंट आपोआप करतात. आमचं पहिलं मशीन टेलिफोनच्या लाइनवर चालायचं. एका धनत्रयोदशीच्या रात्री लाइन गेली ती तीन दिवस आलीच नाही. दिवसभराच्या स्लिपा गल्ल्यात, खात्यात शून्य आणि पितळेच्या व्यापाऱ्याला पाडव्याला पैसे द्यायचा शब्द दिलेला. वडिलांनी ते पैसे उसने आणले. याला तुम्ही रडगाणं म्हणता.

आणि खात्यात आले म्हणजे तरी आपले झाले का? 2011 साली एका गिऱ्हाइकाने लग्नाची भांडी नेली, 18,400 रुपयांची. तेव्हा क्रेडिट कार्डाला पिन नव्हता, स्लिपवर सही घ्यायचो. अडीच महिन्यांनी बँकेचं पत्र आलं : कार्डधारक व्यवहार नाकारतो आहे, सहीची स्लिप पाठवा. मी फाइल काढली. स्लिप होती, तारखेप्रमाणे लावलेली, पण जवळजवळ कोरी. तो उष्णतेने छापणारा कागद, दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळाभर राहिला आणि छापलेली सगळी अक्षरं उडाली. पेनाने केलेली सही तेवढी उरली होती, पण ती कशावर केली ते वाचता येत नव्हतं. बँकेने ती मानली नाही. 18,400 रुपये खात्यातून परत गेले, भांडी तर केव्हाच गेली होती. तेव्हापासून मोठ्या व्यवहाराच्या स्लिपेची झेरॉक्स त्याच दिवशी काढतो.

दोन टक्क्यांबद्दल थोडक्यात. क्रेडिट कार्डावर दहा हजारांची विक्री, बँकेचा दर दोन टक्के धरला तर कापले 200 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 36, हातात 9,764. यातला मोठा वाटा ग्राहकाचं कार्ड काढणाऱ्या बँकेकडे जातो, तुमचे रिवॉर्ड पॉइंटही बऱ्याच अंशी त्यातूनच येतात. डेबिट कार्डाच्या या दरावर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे, रुपे डेबिट आणि यूपीआयवर 2020 पासून तो शून्य आहे, क्रेडिट कार्डावर मात्र अशी मर्यादा नाही. ग्राहकाकडून वेगळे पैसे मागणं बँकेच्या करारात बसत नाही, हे मला माहीत आहे. मी कधी मागितलेले नाहीत. बाकीच्यांचा जाब माझ्याकडे का मागता?

टोकनचा विषय ऑनलाइन खरेदीचा. ऑक्टोबर 2022 पासून विक्रेत्याला कार्डाचा नंबर साठवता येत नाही, त्याजागी टोकन असतं. माझा लेख दुकानातल्या मशीनवर होता, म्हणून ते घेतलं नाही. एवढंच.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण ‘दुकानदार सगळे सारखेच’ हे वाक्य तुम्ही स्वतः मागे घ्यावं, अशी माझी मागणी आहे. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं या गावात वजनाला कमी भांडं दिलं नाही.