लेखकांना २० टक्के

परवा दादरला मी २४० रुपये मोजून एक पुस्तक घेतलं. मीच लिहिलेलं. घरी कपाटावर त्याचा गठ्ठा धूळ खात पडलाय, तरीही.

मित्राच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. पाहुण्यांची ओळख करून देणाऱ्या बाईंचीच ओळख लांबली, म्हणून मी बाहेर विक्रीच्या टेबलापाशी सटकलो. तिथे एक काका. झब्बा, शबनम, कागदी बशीत बटाटेवडा. तेलकट बोटांनी पुस्तकं चाळणं चाललेलं. त्यात माझंही.

"हे तुम्हीच ना?" मलपृष्ठावरचा केसाळ फोटो आणि समोरचं टक्कल यांची सांगड घालत ते म्हणाले. "साहित्याचं नोबेल बघितलंत?"

"२०२५चं? क्रास्नाहोरकाई."

"हंगेरीचा! पानंच्या पानं पूर्णविराम देत नाही म्हणे. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा."

"वाचलंत का काही?"

"छे हो! पण माहिती ठेवावी माणसाने. २०२५चं आंतरराष्ट्रीय बुकर बघा, कन्नडला गेलं. बानू मुश्ताक. आणि कथासंग्रहाला! ५० हजार पौंड, त्यातले निम्मे अनुवाद करणारीला. तुम्हाला काय मिळालं?"

"मानधन यायचंय अजून."

"अहो, २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. संमेलन दिल्लीला जाऊन आलं, तिथून साताऱ्याला गेलं. तुमचं मानधन आहे कुठे?"

प्रश्न रास्त होता. प्रकाशकांकडे 'हिशेब चालू आहे'. ५०० प्रतींची आवृत्ती. इतका वेळ कसला हिशेब करतात, देव जाणे. फोन केला की आधी कागदाचे भाव ऐकवतात, मग 'नवीन काय लिहिताय?' म्हणून विचारतात. जुन्याचं बोला की!

"बरं, सही द्या," काका म्हणाले. "नाव घाला माझं. पूर्ण. वडिलांच्या नावासकट. खाली सस्नेह." मी घातलं. मग एका कार्यकर्त्याला धरून त्यांनी फोटो काढवला; पुस्तक छातीशी, हात माझ्या खांद्यावर, चटणीसकट. फोटो नीट आलाय याची खात्री केली, पुस्तक गठ्ठ्यावर परत ठेवलं, कडा जुळवल्या आणि चहाकडे गेले.

टेबलावरच्या पोराने पान उघडून बघितलं. "सर, हे आता कोण घेणार? नाव पडलंय."

"ज्यांचं नाव आहे ते घेतील."

"ते दर कार्यक्रमाला येतात, सर. घेत नाहीत. तुम्हाला २० टक्के सूट बसेल, लेखकांना देतो आम्ही."

आत कुणीतरी वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाबद्दल कळवळून बोलत होतं. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात काकांच्या.

रात्री एका परिचिताने काकांच्या ग्रुपवरचा तो फोटो पाठवला. खाली मजकूर: 'आमचे लेखकमित्र. प्रत्येकाने संग्रही ठेवावे असे पुस्तक.' त्याखाली नमस्कारांची रांग, आणि एकाचा प्रश्न: 'पीडीएफ आहे का?'

काकांचं उत्तर: 'विचारून सांगतो.'