तीस दिवसांचा अभंग

आमच्याकडं दिवाळीपेक्षा येळवस मोठी. हे पुण्यातल्या साहेबांना समजावून सांगण्यात माझी दरवर्षी अर्धी रजा जाते. "वेळ अमावस्या म्हणजे नक्की काय?" "मार्गशीर्षातली अमावस्या, सर. सगळ्यांनी शेतात जाऊन जेवायचं." "म्हणजे पिकनिक." "हो सर." एवढं खोटं बोलून मी सही घेतो. पिकनिकला कुणी कडब्याची कोप करून त्यात पांडव बसवत नाही, डोक्यावर आंबिलीची बिंदगी घेऊन बांधाबांधानं चालत नाही, आणि रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाची मोटारसायकल अडवून त्याला जेवायला बसवत नाही. त्या दिवशी लातूर शहरात संचारबंदी लागल्यासारखं असतं. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि सोळाही रिकामे.

यंदा मात्र मी शेतात पाऊल टाकलं ते आरोपी म्हणून. फिर्यादी आमचे अण्णा, म्हणजे वडील. मुद्देमाल, माझा जुना मोबाईल, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून उंड्यांच्या दुरडीशेजारी ठेवलेला.

झालं होतं असं. दिवाळीत मी तो मोबाईल अण्णांना दिला. सिमकार्ड नाही, कारण बटणांचा फोन त्यांना पुरतो आणि दुसऱ्या नंबरला ते 'दुसरं घर' म्हणतात. त्यात गाण्यांच्या ॲपवरच्या माझ्या खात्यावरून, दर महिन्याला रीतसर पैसे भरणाऱ्या माझ्या खात्यावरून, शंभरावर अभंग आणि भावगीतं उतरवून दिली. अगदी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. अण्णा खूश. पहाटे साडेचारला गल्ली अभंगानं उठू लागली, काही जणांची इच्छा नसतानाही. कार्तिक सरला आणि एका पहाटे यंत्र मुकं झालं. पडद्यावर एकच ओळ: गाणी ऐकण्यासाठी इंटरनेटला जोडा.

ही 'उतरवलेली' गाणी खरं म्हणजे उतरलेलीच नसतात. फाईल फोनमध्ये येते, पण कुलूप लावून; किल्ली वेगळी आणि किल्लीला मुदत. फोननं तीस दिवसांतून एकदा तरी कंपनीच्या दारात जाऊन 'आमचे मालक अजून पैसे भरतात' अशी हजेरी द्यायची, नाहीतर किल्ली परत. पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला वर्षातून एकदा, नोव्हेंबरात द्यावा लागतो. अभंगाला दरमहा. एका अमावस्येपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस. म्हणजे लक्ष्मीपूजनाला भरलेला फोन पुढच्या अमावस्येला रिकामा, आणि येळवस त्याच्याही पुढच्या अमावस्येला. मुदत ठरवताना कंपनीनं पंचांग पाहिलं असावं असा मला दाट संशय आहे.

अण्णांनी फोनवर मला यातलं काही सांगितलं नाही. पोरानं हौसेनं दिलेली वस्तू मेली, हे पोराला कसं कळवायचं? महिनाभर त्यांनी सुतक पाळलं आणि येळवशीला, सगळी भावकी गोळा झाल्यावर, कोपीसमोर फडकं सोडलं.

"तुकोबांची गाथा तेरा दिवस इंद्रायणीत होती," ते म्हणाले, "आन् कोरडी वर आली. तुझी कोरड्यात बुडाली."

अण्णा तलाठी म्हणून निवृत्त झालेत. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे स्वतःच्या पायानं चावडीत जाणं.

"पैसे कोण भरतं?"

"मी."

"किती वर्षं झाली?"

"सहा."

"मग गाण्याच्या सातबाऱ्यावर नाव कुणाचं?"

"कंपनीचं."

"म्हणजे तू कूळ."

"तसंच काहीतरी."

हे म्हणायला नको होतं. हैदराबाद कूळवहिवाट कायदा, १९५०, हा अण्णांच्या अत्यंत जिव्हाळ्याचा विषय. आईच्या म्हणण्याप्रमाणे लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच त्यांनी तिला तो समजावून सांगितला होता. "अरे, कुळाला संरक्षण हाय! संरक्षित कुळाला कायद्यानं मालकी मिळाली. तुला सहा वर्षांत काय मिळालं?"

"मधे जाहिराती येत नाहीत," मी म्हणालो.

सगळी पंगत हसली. बाभळीखाली झोपलेल्या चुलत्यांनीसुद्धा कूस बदलली.

मधले काका, म्हणजे बापू, स्वभावानं समेट घडवणारे. "मंग आमाला बी घे की तुज्या खात्यात. समदे मिळून भरू." मी सांगितलं, कुटुंबासाठी वेगळी योजना आहे, पण त्यात माणसं सहा आणि सगळ्यांचा पत्ता एक पाहिजे. आमचं कुटुंब तेवीस माणसांचं, चुली चार, पत्ते तीन. कंपनीच्या हिशोबानं लेक सासरी गेली की कुटुंबातून गेली, नात वसतिगृहात गेली की गेली. शिधापत्रिकेवरचं नाव कमी करायला तहसिलात निदान चार हेलपाटे तरी घालावे लागतात. "सहाचं कसलं कुटुंब?" आत्या म्हणाली. "सहा तर नुसत्या भाकरी थापायलाच लागत्यात."

माझी बाजू कुणी ऐकून घेत नव्हतं. ती अशी की आमच्या घरानं गाण्याच्या पायी आजवर कमी सोसलेलं नाही आणि त्यात दरवेळी कायद्यानं वागणाराच नागवला गेलाय. माझ्या लहानपणी गंजगोलाईच्या बाजूला कॅसेट भरून देणारं दुकान होतं. कोरी साठ मिनिटांची कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, चार दिवसांनी घेऊन जायची. एका बाजूला बरोबर तीस मिनिटं, त्यामुळं शेवटचा अभंग नेहमी 'विठ्ठ'वर तुटायचा आणि उरलेला 'ल' आम्ही घरचे मिळून म्हणायचो. हे बेकायदेशीर होतं हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. दुकानदारालाही नसावं, कारण पाटी त्यानं दोन फुटी अक्षरात लावली होती. त्या काळी कॅसेटला कुलूप म्हणून जे काय होतं ते म्हणजे वरच्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन टवके. ते मोडले की कॅसेटवर नवं काही भरता येत नाही. खरं तर ती सोय कॉपीविरुद्ध नव्हतीच, चुकून पुसू नये म्हणून होती. आणि तिची किल्ली म्हणजे कागदाचा बोळा. भोकात बोळा कोंबला की कुलूप उघडलं. असा बोळा कोंबूनच आमच्या थोरल्या भावानं अण्णांच्या हरिपाठावर स्वतःच्या बारशापासून मुंजीपर्यंतच्या आठवणी आत्याच्या तोंडून भरून घेतल्या होत्या. त्याला आठवडाभर गोठ्यात निजावं लागलं.

मग सीडी आली. एका दिवाळीत आमचे दाजी मोठ्या ऐटीत अस्सल, छापील किमतीची सीडी घेऊन आले. आत गाण्यांच्या पुस्तिकेऐवजी नियमांचा कागद. ही सीडी काही संगणकांवर चालणार नाही, काही गाड्यांमध्ये चालणार नाही, काही डीव्हीडी प्लेअरवर चालणार नाही. आणि न चालल्यास परत घेतली जाणार नाही. घरात संगणक एक, दाजींची गाडी एक, डीव्हीडी प्लेअर एक. तिन्ही त्या 'काही'त बसले. दाजींनी ती सीडी शेवटी तुरीच्या रानात दोरीनं टांगली. ऊन पडलं की चमकायची, पाखरं बिचकायची. इतक्या वर्षांत तिच्यावर पैसे टाकल्याचं समाधान काय ते त्या एका हंगामात मिळालं.

आम्ही एकटेच नव्हतो, हे नंतर वाचनात आलं. २००२ मध्ये लोकांना शोध लागला की काही कुलूपबंद सीडींच्या बाहेरच्या कडेवर साध्या मार्कर पेननं रेघ ओढली की कुलूप गळून पडतं. कंपन्यांचा एवढा खर्च, आणि उतारा शाळेच्या दप्तरातला. २००५ मध्ये तर सोनी बीएमजीच्या सीडी संगणकात घातल्या की त्यातून एक प्रोग्राम गुपचूप विंडोजमध्ये शिरून लपून बसायचा, हे उघड झालं. बोभाटा झाला, खटले झाले, सीडी माघारी बोलवाव्या लागल्या. इथंही पुन्हा तेच: तो उपद्रव झाला फक्त पैसे देऊन सीडी घेणाऱ्यांना. ज्यांनी फुकट उतरवून घेतली त्यांचे संगणक ठणठणीत. २००७ मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जनं जाहीर पत्र लिहून गाण्यांवरची कुलपं काढा म्हटलं, त्याच वर्षी ॲपलच्या दुकानातल्या काही गाण्यांची कुलपं निघायला लागली आणि २००९ मध्ये बाकीच्यांचीही निघाली. विकत घेतलेलं गाणं मोकळं झालं, आणि तोवर विकत घ्यायची पद्धतच मोडत आली. आता सगळं भाड्यानं, आणि भाड्याच्या घराला कुलूप मालकाचंच.

"तोड की मंग कुलूप," चुलतभाऊ पिंट्या म्हणाला. पिंट्या ट्रॅक्टरपासून दहावीच्या पेपरापर्यंत सगळं उघडतो.

मी त्याला २०१२ची दुरुस्ती सांगितली. कॉपीराइट कायद्यात कलम ६५ अ आलंय. हक्क मोडायच्या इराद्यानं असं कुलूप फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद.

"अभंग ऐकल्याबद्दल जेल?" बापू म्हणाले.

"अभंग मोकळा आहे. रेकॉर्डिंगवर हक्क असतो, साठ वर्षं."

"हे गाणं माझ्या लग्नाच्याही आधीचं आहे," अण्णा म्हणाले. हिशेब केला. साठ वर्षं उलटून गेली होती. म्हणजे ध्वनिमुद्रणावर हक्क उरला नव्हता, शब्दांवर चारशे वर्षांत कुणी सांगितला नव्हता, पण कुलूप जागच्या जागी. बेवारस वाड्याला लावलेल्या टाळ्यासारखं.

"आमच्या संतांनी कुठं कुलपं लावली?" अण्णांना आता सूर सापडला होता. "पैठणचे नाथ, नर्सीचा नामदेव, गंगाखेडची जनी, सगळी इथलीच माणसं. कुणी बी म्हणा, कुठं बी म्हणा. फक्त शेवटी 'एका जनार्दनी' म्हणा, 'नामयाची जनी' म्हणा. नाममुद्रा राखली की झालं."

एवढ्यावर मी पराभव मान्य करून कंपनीच्या दारात जायचं ठरवलं. शेतात रेंज नाही. विहिरीच्या काठावर नाही, बांधावर नाही. पिंट्यानं सांगितलं, ट्रॉलीवर चढ, डाव्या कोपऱ्यात येते कधीमधी. मी चढलो. माझ्या फोनला एक दांडी दिसली, तिच्यावर जुना फोन जोडला. ॲपनं मला ओळखलं नाही. ओटीपी पाठवला, तो दहा मिनिटांनी आला आणि पाच मिनिटांत शिळा होणारा होता. दुसरा मागवला. खालून आईनं वाडगं भरून भज्जी वर दिली, त्यावर उंडा. डाव्या हातात भज्जी, उजव्या हातात दोन फोन. तिसरा ओटीपी वेळेत आला. मग ॲप म्हणालं, आपण यंत्र नाही हे सिद्ध करा. सिग्नलचे दिवे असलेली सगळी चित्रं निवडा.

"काय शोधूलालास?" खालून अण्णा.

"सिग्नल."

"आता एक दांडी हाय म्हणलास की."

"तो नव्हे. लाल-हिरवा. चौकातला."

अण्णांनी चारी दिशांना पाहिलं. ज्वारी, हरभरा, करडई आणि पुन्हा ज्वारी. "इथं कसला चौक?" ते म्हणाले आणि आंबील प्यायला बसले. दुष्काळात, २०१६ साली, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. तेव्हा तीनशेहून जास्त किलोमीटरवरून पाणी आलं. मला पुण्याहून खिशात गाणं आणता येईना. सिग्नलचे दिवे निवडून झाले तर ॲप म्हणालं, आपण पाच यंत्रांची मर्यादा गाठली आहे.

तेवढ्यात रस्त्यानं एक मोटारसायकल आली. बापू आडवे झाले. "ओ पाव्हणं! आंबील घेतल्याबिगर जायचं न्हाई." पाव्हण्यांना कुणी नाव विचारलं नाही, पत्ता विचारला नाही. ते पोटभर जेवले, गव्हाची खीर दोनदा घेतली, हात धुतले आणि वर बोट केलं.

"त्ये ट्रॉलीवर काय करूलालेत?"

"गाणं लावूलालेत," आत्या म्हणाली. "सकाळपास्नं."

"कुठलं?"

अण्णांनी पहिली ओळ म्हणून दाखवली. पाव्हण्यांनी खिशातून तडा गेलेला फोन काढला, दोनदा अंगठा फिरवला आणि पिंट्याच्या ब्लूटूथवर, मग मुद्देमालाच्या फोनवर, अभंग टाकून दिला. बत्तीस जीबीचं कार्ड आहे म्हणाले, तालुक्याच्या दुकानातून भरून घेतलेलं, पाहिजे तर सगळं घ्या. मी ट्रॉलीवरून कायदेशीरपणे बघत राहिलो.

गाणं सुरू व्हायच्या आधी एका बाईचा ठणठणीत आवाज आला: "सर्व प्रकारची गाणी भरून मिळतील, मोबाईल शॉपी, बस स्टँडसमोर!" मग टाळ, मग अभंग.

रात्री गावात आलो तेव्हा रेंज आली. माझ्या फोनवर मेसेज पडला: या महिन्याचे पैसे कापले गेले आहेत. मी तो अण्णांना दाखवला नाही.

पहाटे साडेचारला गल्ली उठली. आधी बस स्टँडसमोरची बाई, मग टाळ. मी अंथरुणातूनच म्हणालो, "अण्णा, सुरुवातीची ती जाहिरात कापून देऊ का?"

"असू दे," अण्णा म्हणाले. "ती त्याची नाममुद्रा."

"नाममुद्रा शेवटी येते, अण्णा."

"याची आधी येते," ते म्हणाले आणि आवाज वाढवला.