मोजायला आम्ही, ठरवायला कोण?

विश्वामित्रीतल्या मगरी मोजायला बडोद्याची माणसं चालतात, पण नदी कुठे खोदायची हे ठरवताना त्यांना कोणी बोलावत नाही. मला हे अजिबात पटत नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये मोजणी झाली. वनखात्याचे लोक, अभ्यासक आणि स्वयंसेवक काठाकाठाने फिरले. थंडीत मगर दिवसा ऊन खात पडलेली असते, आणि रात्री टॉर्च मारला की पाण्यात तिचे डोळे लकाकतात, म्हणून दोन्ही वेळा मोजायचं. आकडा चारशेच्या वर गेला. भर शहरातून वाहणाऱ्या नदीत! काम उत्तम झालं, त्यात वाद नाही.

त्याच उन्हाळ्यात नदी रुंद आणि खोल करायला मशिनं उतरली. त्यालाही कारण होतं. ऑगस्ट 2024 मध्ये बडोद्यातल्या काला घोडा पुलाशी नदीचं पाणी 35 फुटांच्या वर गेलं, तळमजले बुडाले, मगरी सोसायट्यांच्या आवारात आल्या. ज्याचा फ्रिज आणि गाडी त्या पाण्यात गेली, त्याला ‘आधी मगरीची अंडी बघा’ असं मी तरी सांगणार नाही.

पण मगरीची मादी अंडी घालते ती फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास, काठावरच्या मातीत खड्डा करून. पिल्लं निघतात पावसाच्या तोंडावर. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या खड्ड्यातल्या उष्णतेवर ठरतं. म्हणजे नुसती वरची झाडी काढली, तरी आत काहीतरी बदलतं. आणि मशिनांचा हंगामही नेमका तोच.

आता मादी दरवर्षी कुठली माती उकरते, हे कोणाला ठाऊक असतं? काठावर म्हशी चारणाऱ्याला. कुठल्या वळणावर वासरू न्यायचं नाही, हे तो बारा महिने पाहत असतो. अभ्यासक दोन-चार दिवस येतो. अर्थात काठावरचे काका सांगतात ते सगळं खरं नसतं (त्यांची प्रत्येक मगर वीस फुटी असते!). तिथे अभ्यासक हवा: जागेवर जाऊन खात्री करणारा, नकाशावर खूण करणारा, आणि शेवटी काय सापडलं ते त्याच काकांना गुजरातीत सांगणारा. हे शेवटचं फारसं होत नाही.

आणखी एक. नदीकाठची कोतरं, म्हणजे पाण्याने कोरलेल्या घळी, पुराचं पाणी सामावून घेतात आणि मगरींनाही आसरा देतात. आपण ती डेब्रिज टाकून बुजवली. कुठलं कोतर कधी बुजलं, कुठल्या तलावावर काय उभं राहिलं, हे जुन्या वस्तीतल्या आजींना तोंडपाठ आहे. अभियंत्याच्या उंच-सखल नकाशावर ही माहिती चढवली, तर पूर आणि मगर हे दोन वेगळे प्रश्न उरतच नाहीत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. यापुढे नदीच्या कामाच्या टेंडरमध्येच अट घाला: मशीन उतरण्याआधी त्या पट्ट्यातले रहिवासी आणि अभ्यासक यांनी एकत्र काठ फिरायचा, घरटी आणि कोतरं खुणावायची, आणि तो नकाशा वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर लावायचा. खूण केलेल्या जागी पिल्लं बाहेर पडेपर्यंत मशीनची बकेट लागणार नाही. आणि लागलंच, तर कोणाच्या सहीने, तेही त्याच भिंतीवर लिहायचं.