दूध आटलं नव्हतं

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले ती सात महिन्यांच्या पोराला घेऊन. अमळनेर तालुक्यातलं गाव, बाहेर लिंबाला झोके बांधलेले, आत कुलर घरघरतोय आणि मी त्याला पाजत बसलेय. खालचे दोन दात आधीच आले होते, वरचे वाटेवर होते. त्याने कचकन चावलं आणि मी एवढ्या जोरात किंचाळले की ओट्यावरची वहिनी हातातले पापड टाकून धावत आली. पोरगं दचकलं, ओठ काढून रडलं. संध्याकाळी पाजायला घेतलं तर पाठीची कमान करून, मान वळवून, दोन्ही हातांनी मला ढकलायला लागलं.

रात्री नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही.

दुपारपर्यंत घरात निकाल लागला होता. फुई, म्हणजे आत्या, म्हणाली, "दूध आटी गयं व माय तुन्हं." शेजारच्या काकूंचं मत, पोऱ्याले दिट लागनी, म्हणजे दृष्ट लागली. नवऱ्याचा फोनवर प्रश्न, "मग पावडरचा डबा आणायचा का?" आणि हे आटलेलं दूध तिकडे माझा ब्लाऊज भिजवत होतं. पदराची घडी आत कोंबून मी सगळ्यांचं ऐकत बसले होते.

याच गोष्टीचा मला राग आहे. मूल प्यायला नाही म्हटलं की सगळे आधी आईच्या अंगावरचं दूध तपासायला बसतात. तिने काय खाल्लं, पाणी किती प्याली, मनात काय आणलं. पोराचं नाक, कान, तोंड कुणी बघत नाही.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र तेच बघितलं. हिरडी सुजलेली, नाक चोंदलेलं (कुलर रात्रभर तोंडावर!), कान ठीक, ताप नाही. तोंडात स्तन आणि नाक बंद, म्हणजे श्वास घ्यायचा कुठून? त्यात माझी ती किंकाळी. कानाला संसर्ग, तोंडात पांढरी बुरशी, आई-बाळाची ताटातूट, कधी तर आईचा नवा साबण किंवा अत्तर, एवढ्यावरूनही काही बाळं बिथरतात म्हणे. वर्षाच्या आतलं मूल असं एका दिवसात अंगावरचं सोडत नाही, सोडणारं मूल हळूहळू सोडतं, असं त्या म्हणाल्या. बहुतेक बाळं दोन-चार दिवसांत परत येतात, एखाद्याला आठवडा किंवा जास्तही लागतो. नाकात घालायला मिठाच्या पाण्याचे थेंब दिले आणि मला दोन कामं सांगितली: त्याचं पोट भरायचं आणि माझं दूध टिकवायचं.

दूध टिकवायचं म्हणजे तो एरवी ज्या वेळी प्यायचा, त्या त्या वेळी हाताने काढायचं. गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन छातीवर ठेवायचा. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या जरा मागे. आधी बरगड्यांकडे दाबायचं, मग अंगठा-बोटं एकमेकांकडे आणायची. नुसतं ओढून काही येत नाही, दुखतं मात्र भरपूर. पहिल्या वेळी स्टीलच्या वाटीचा तळही झाकला नाही आणि मी न्हाणीत बसून रडले. तिसऱ्या वेळेपासून धार वाटीच्या कडेवर वाजायला लागली. काढलं की लगेच वाटी-चमच्याने पाजायचं. तसंही वैशाखात दूध बाहेर ठेवायची हिंमत नव्हती, आणि फ्रीज पोरं बर्फासाठी दर पाच मिनिटांनी उघडत होती. बाटली मुद्दामच आणली नाही. तिची सवय लागली तर परत येणं अवघड होतं. लघवीने ओले झालेले लंगोट मोजत होते. चोवीस तासांत सहाच्या आसपास होत होते, म्हणून धीर. ते कमी झाले, मूल मलूल पडलं किंवा ताप आला, तर थांबायचं नाही, तडक दवाखाना.

डब्याबद्दल एक बोलते. बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंदी आहे. पण जाहिरात लागते कुणाला? घरोघरी फुकट प्रचारक बसलेत. डॉक्टरांनी गरज बघून सांगितलं तर डबा जरूर आणावा, त्यात लाज कसली. आमच्याकडे मात्र गरज बघण्याआधीच डबा ठरला होता.

माझी स्वतःची चूक वेगळीच. पहिल्या दिवशी मी त्याचं डोकं धरून छातीशी दाबलं होतं. त्यानंतर ब्लाऊजच्या हुकाला हात लावला तरी तो रडायचा. मग जबरदस्ती बंद. नुसतं उघड्या अंगाने त्याला अंगावर झोपवायचं, पाजायचं नावच काढायचं नाही. पण आखाजीला भरलेल्या घरात बंद दाराची खोली कुठून आणणार? दर दोन मिनिटांनी कुणीतरी डोकावून विचारणार, "पेना का?"

शेवटी गच्ची कामाला आली. चौथ्या रात्री वहिनीने पोराबाळांची अंथरुणं पलीकडच्या कोपऱ्यात हलवली आणि मध्ये दोरीवर लुगडं टाकलं. पहाटे तीन-साडेतीनला जरा गार वारा सुटला, तो झोपेतच चुळबुळला, तोंड इकडेतिकडे फिरवलं आणि धरलं. डोळे मिटलेले. गुटुक गुटुक आवाज येत होता आणि मी श्वास रोखून पडले होते. दिवसा प्यायला अजून दीड दिवस घेतला.

पुढच्या आठवड्यात परत चावला. या वेळी ओरडले नाही. ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी आत सरकवली, पकड सुटली, थोडं थांबून पुन्हा लावलं. फुई समोरच रसाचे आंबे माचत बसली होती. गच्चीवर गेलो त्या संध्याकाळी तिने मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या होत्या. "पाह्य," ती म्हणाली, "मिरच्यास्ना ठसका बी नही उना. दिटच व्हती." मी काही बोलले नाही. बोलले असते तर तो सोडून तिच्याकडे बघत बसला असता.