लुडबुड आणि लक्ष

लातूर जिल्हा परिषदेने मागे एक ठराव केला होता: आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातून ३० टक्के कापायचे आणि ते थेट म्हाताऱ्यांच्या खात्यात जमा करायचे. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हा विषय अजून अधूनमधून उकरला जातो. निम्म्यांच्या मते एकत्र कुटुंब मोडलं तिथेच सगळं बिघडलं. उरलेल्यांच्या मते मोडलं तेच बरं, सुना तरी सुटल्या. मग कुणीतरी टोकियोत बसलेल्या मला विचारतं, "तिकडे कसं असतं रे?"

तिकडचं म्हणून मी कात्सुहितो इशिई यांचा २००४ चा ‘चा नो अजी’ (म्हणजे ‘चहाची चव’) हा सिनेमा सुचवतो. तोचिगीतलं एक खेडं, हारुनो कुटुंब. आवडणारी मुलगी गाव सोडून गेली म्हणून मुलाच्या कपाळातून चक्क आगगाडी निघून उडून जाते. धाकट्या साचिकोला जिथे तिथे स्वतःचीच महाकाय प्रतिकृती दिसते, मुकाट तिच्याकडे बघत बसलेली. आई जेवणाच्या टेबलावर अ‍ॅनिमेशनची चित्रं काढते, त्यासाठी आजोबा विचित्र पोझ देतात. वडील संमोहनाने उपचार करणारे. अडीच तासांच्या आत-बाहेरच्या या सिनेमात म्हणावं असं भांडण नाही, आणि "काय झालं तुला?" म्हणून कुणी कुणाच्या मागेही लागत नाही. साचिको आडव्या दांड्यावर उलटी कोलांटी मारायला एकटीच शिकत राहते. ती जमली की ती मोठी साचिको जाईल, एवढाच तिचा हिशेब.

आजोबा गेल्यावर मात्र त्यांच्या खोलीत प्रत्येकासाठी काढलेली चित्रांची वही सापडते. पानं भराभर सोडली की चित्रं हलतात. साचिकोच्या वहीत ती दांड्यावर झटते आहे, आणि शेवटी तिला कोलांटी जमते. म्हणजे म्हातारा सगळं बघत होता. बोलला मात्र नाही.

आपल्याकडच्या वादात हे कुणीच मांडत नाही. घरात किती माणसं, स्वयंपाक एक की दोन, म्हातारे कुणाकडे, यावरच सगळी वादावादी. एका घरात राहून माणसाला त्याचं त्याचं राहू द्यायचं, हे आपल्याला येतच नाही. चार दिवस सुट्टीवर गेलो तर पगार, वजन आणि "दुसरं कधी?" या तिन्ही चौकश्या चहा यायच्या आत उरकतात.

पण जपान म्हणजे हारुनोंचं घर, असं कुणी समजू नये. २०२३ च्या सरकारी पाहणीत देशात ९० लाख घरं रिकामी निघाली. २०२४ मध्ये घरात एकट्यानेच मरण पावलेली सुमारे ७६ हजार माणसं पोलिसांनी नोंदवली, त्यातली तीन चतुर्थांशांहून जास्त पासष्टीच्या पुढची. काहींचं तर महिना उलटेपर्यंत कुणाला कळलं नाही. शेजाऱ्याला त्रास नको, ही इथली रीत मला मनापासून आवडते; भिंतीपलीकडे कोण राहतं हे मलाही ठाऊक नाही. आवडीची ही किंमत आहे, आणि सिनेमा ती दाखवत नाही.

आई सांगलीला एकटी असते. समोरच्या काकू दुधाची पिशवी दारात दिसली की बेल वाजवतात, वर आमच्या घरात काय चाललंय ते गल्लीभर सांगतात. काकूंना वैतागून मी आईला कॅमेरा बसवून देतो म्हणालो. ती म्हणाली, "कॅमेरा बेल वाजवणार आहे का?"