'अभ्यास वाढवा' म्हणणाऱ्या 'एका जुन्या टेनिसप्रेमी'ना उत्तर

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या टेनिसपटू ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोव्हा यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली 'एक जुना टेनिसप्रेमी' या नावाने एक प्रतिक्रिया आलीय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी इथे देते. "लेख भावनिक आहे. एव्हर्ट म्हणजे मागे उभं राहून बॉल परत टाकणारी भिंत, समोरची कंटाळून चूक करेपर्यंत. खरं टेनिस मार्टिना खेळली, ४३-३७ हा आकडाच सगळं सांगतो आणि तो तुम्ही सोयीस्करपणे गाळलात. ग्राफ-सेलेसचं नाव नाही. त्या काळात महिला टेनिसला डेप्थच नव्हती यावर अवाक्षर नाही. यूट्यूबवर हायलाइट्स बघून लेख पाडता येतात, टेनिस कळत नाही. अभ्यास वाढवा साहेब."

तिथेच खाली दोन ओळी खरडणार होते, पण लिहायला बसले आणि ते वाढतच गेलं, म्हणून वेगळं टाकतेय.

सगळ्यात आधी, मी साहेब नाही, बाई आहे. ब्लॉगच्या वरच माझं नाव आहे, शेजारी फोटो आहे, तोही काही छोटा नाही. एवढं ज्यांना दिसलं नाही ते मला अभ्यास वाढवायला सांगतायत, चांगलं आहे.

दुसरं म्हणजे हा सूर. मतभेदाचं मला काही नाही हो, माझा नवरा कट्टर मार्टिनावाला आहे आणि तरी आमचा संसार बरा चाललाय. पण तुम्ही मत मांडलेलंच नाहीये, तुम्ही मला वर्गाबाहेर अंगठे धरून उभं केलंय. यूट्यूब कशावरून? ऐंशीच्या दशकात आमच्या वाड्यात टीव्ही एकाच घरी होता, विम्बल्डनची फायनल दूरदर्शनवर लागली की आम्ही पोरं तिथे जमिनीवर बसायचो आणि मोठी माणसं 'कोण जिंकतंय' एवढं विचारून जायची. पॅरिसचा, म्हणजे फ्रेंच ओपनचा निकाल दुसऱ्या दिवशी पेपरात, खेळाच्या पानावर खाली कोपऱ्यात, 'ख्रिस एव्हर्ट लॉइड' असं छापून यायचं कारण तेव्हा ती लग्नानंतरची लॉइड होती. स्पोर्टस्टार आमच्याकडे कोल्हापुरात उशिरा यायचा, त्यातला तिचा फोटो मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता, आतून अशासाठी की आईला भिंती-दारं खराब केलेली चालायची नाहीत. तर तुम्ही जुने असाल, असा, आम्हीही काही काल जन्मलेलो नाही.

आता ४३-३७. हा आकडा लेखात नव्हता, असायला हवा होता, तेवढं तुमचं बरोबर, आता टाकलाय. सोयीस्करपणे वगैरे काही नाही, आणि आकडाच काढायचा तर मग पूर्ण काढा ना. १९७३ ते १९८८ दोघी ८० वेळा खेळल्या, ४३ मार्टिना जिंकली, ३७ एव्हर्ट. १९८४ च्या विम्बल्डनच्या फायनलनंतर हिशोब होता ३०-३०. साठ मॅचेस झाल्या आणि बरोबरी! मातीवर एव्हर्ट ११-३ ने पुढे, गवतावर मार्टिना १०-५ ने पुढे, आणि उरलेल्या हार्ड कोर्टवर नाहीतर इनडोअर कार्पेटवर, आणि कार्पेट म्हणजे बॉल खाली राहणार, सरकत येणार, मार्टिनासारख्या डावखुऱ्या, सर्व्ह करून लगेच नेटकडे धावणाऱ्या सर्व्ह-व्हॉलीवालीला पर्वणीच. शिवाय एव्हर्ट ऐन भरात असताना १९७६, ७७, ७८ अशी तीन वर्षं मातीवरच्या फ्रेंच ओपनला गेलीच नाही, तेव्हा ती अमेरिकेत वर्ल्ड टीम टेनिस ही संघांची लीग खेळायची. आणि त्याच काळात मातीवर तिला कोणी हरवू शकत नव्हतं, ऑगस्ट १९७३ पासून सलग १२५ मॅचेस, थेट मे १९७९ मध्ये रोमला ट्रेसी ऑस्टिनने तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये ते थांबवलं. मी जर-तरमध्ये शिरत नाहीये, फक्त 'आकडाच सगळं सांगतो' म्हणणाऱ्याने आकडे कुठल्या कोर्टवरचे ते बघावं एवढंच. तसं तुमच्या बाजूने याहून भारी आकडा होता, ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे वर्षातल्या चार मोठ्या स्पर्धांच्या फायनल्समध्ये मार्टिना १०-४, तो तुम्हाला सुचला नाही, मी देते, घ्या.

पण मला खरं लागलं ते भिंतीचं वाक्य. हे आजचं नाही, गेली कित्येक वर्षं ऐकतेय, आणि दरवेळी सांगणारा असं सांगतो की जणू त्यालाच पहिल्यांदा सुचलंय.

भिंतीसमोर खेळलायत कधी? भिंत बॉल परत देते, कुठे द्यायचा हे ती ठरवत नाही, तुम्ही जिथून मारलात त्यावर ते ठरतं. एव्हर्टच्या मॅचेसमध्ये नेमकं उलटं दिसतं. तिचे फटके सपाट, टॉपस्पिन अगदी कमी, बॉल नेटच्या जेमतेम वरून जायचा आणि बेसलाइनच्या आत फूट-दीड फुटावर पडायचा, एकदा या कोपऱ्यात, एकदा त्या. समोरचीला पुढे यायला जागाच राहायची नाही, मागे सरकत मारावं लागायचं, मागे सरकत मारलेला बॉल आखूड पडतो आणि आखूड पडला की संपलं, कारण त्याच दोन हातांच्या बॅकहँडच्या त्याच बॅकस्विंगमधून ती लाइनला समांतर मारेल, क्रॉसकोर्ट मारेल, लॉब टाकेल की नेटच्या पलीकडे अलगद ड्रॉप शॉट सोडेल हे शेवटपर्यंत कळायचं नाही. मग समोरचीने चूक केली की स्कोअरशीटवर 'चूक' लिहितात. ती चूक करायला कोणी लावली हे स्कोअरशीटवर लिहीत नाहीत, आणि तुमच्यासारखे लोक तेवढंच वाचतात.

तो दोन हातांचा बॅकहँड कुठून आला तेही सांगते, तुम्हाला माहीत असेलच म्हणा. तिचे वडील जिमी एव्हर्ट फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलच्या हॉलिडे पार्कमधल्या सार्वजनिक कोर्ट्सवर शिकवायचे, मातीची कोर्ट्स. पोरगी लहान, एका हातात जोर नाही म्हणून दोन हातांनी धरली, वडिलांना वाटलं मोठी झाली की सोडेल. सोडली नाही. पुढे पोरीबाळींनी सगळीकडे तसंच धरलं, आज महिला टेनिसमध्ये एका हाताचा बॅकहँड शोधावा लागतो. मार्टिनाची सर्व्ह-व्हॉली आज कोण खेळतंय? तर भविष्य कोणाच्या रॅकेटमध्ये होतं ते बघा.

आणि भिंत गवतावर काय करणार होती? तेव्हाच्या विम्बल्डनच्या गवतावर बॉल गुडघ्याच्या खाली राहायचा, वेडावाकडा उडायचा, तिथे नुसतं मागे उभं राहून परत टाकत बसणारी दुसऱ्या आठवड्यात दिसायची नाही. एव्हर्ट तिथे दहा फायनल्स खेळली आणि १९७४, १९७६, १९८१ अशा तीन जिंकली. १९७६ ची फायनल इव्हॉन गुलागाँगशी, जी नेटवर यायला अगदी आसुसलेली असायची, ६-३, ४-६, ८-६. १९८० च्या सेमीफायनलला समोर मार्टिनाच होती, लागोपाठ दोन वर्षांची चॅम्पियन, पहिला सेट घालवून एव्हर्टने पुढचे दोन काढले. १९८२ च्या डिसेंबरमध्ये मेलबर्नला, कूयाँगच्या गवतावर, ऑस्ट्रेलियन ओपनच्या फायनलला पुन्हा मार्टिनाला ६-३, २-६, ६-३. यातलं काही तुमच्या प्रतिक्रियेत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

हे मी पुस्तकी बोलत नाहीये, कारण खरी भिंत कशी असते ते मला माहितीय, मी स्वतः होते. कॉलेजात असताना मी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळायचे. आमचं कोर्ट मुरमाचं, पहाटे पाणी मारायचं, दोघींनी मिळून रोलर ओढायचा, मग चुन्याच्या रेघा, आणि आठ वाजेपर्यंत ऊन आलं की परत धूळ. आमचे जे सर होते त्यांचं मुलींसाठी एकच तत्त्वज्ञान, 'बॉल आत ठेवा, समोरची चुकेल'. मुलांना व्हॉली शिकवायचे, आम्हाला नाही. तर मी आत ठेवायचे. उंच, सुरक्षित, सर्व्हिस लाइनच्या आसपास पडणारा. पहिल्या फेरीच्या पोरी चुकायच्याही. मग एकदा पुण्याची एक मुलगी समोर आली, सडपातळ, तोंडातून आवाज नाही, आणि तिचा प्रत्येक बॉल माझ्या पायाशी. मी बॉल आतच ठेवत होते हो, शेवटपर्यंत ठेवत होते, माझ्या चुका मोजल्या असत्या तर हाताच्या बोटांवर आल्या असत्या, आणि दुसऱ्या सेटला मला एकही गेम मिळाला नाही. बाहेर आल्यावर सर म्हणाले, 'पळायला कमी पडलीस'. पळायला! मी तासभर पळण्याशिवाय दुसरं काही केलंच नव्हतं. त्या मुलीला आमचे सगळे 'नुसती परत टाकते' म्हणायचे. म्हणून म्हणते, बॉल परत टाकणं आणि बॉल मारून समोरचीला तिच्याच कोर्टवर कोंडणं यातला फरक लांबून दिसत नाही, समोर उभं राहिल्यावर कळतो. तुम्ही कुठे उभे राहून बघितलंत ते तुम्हीच जाणे.

बरं, ती तशीच मागे उभी राहिली असती, बदललीच नसती, तरी एकवेळ तुमचं ऐकलं असतं. मेलबर्नच्या त्या विजयानंतर १९८४ संपेपर्यंत ती मार्टिनाशी लागोपाठ १३ मॅचेस हरली. १९८४ च्या पॅरिसच्या फायनलला, तिच्या स्वतःच्या मातीवर, ६-३, ६-१. हे मी लपवत नाही, मूळ लेखातही होतं. मार्टिना तेव्हा वेगळ्याच तयारीची होती, बास्केटबॉल खेळणाऱ्या नॅन्सी लिबरमनने तिच्याकडून घाम गाळून घेतला होता, आणि चारही ग्रँड स्लॅम किताब एकाच वेळी तिच्याकडे होते. एव्हर्टने काय केलं? लाकडी रॅकेट सोडून ग्राफाइटची घेतली, वजनं उचलायला लागली, नेटवर यायला लागली, तिशीला टेकलेली, नावावर डझनाहून जास्त ग्रँड स्लॅम असलेली बाई. आणि १९८५ ला त्याच पॅरिसला त्याच दोघी फायनलला. पहिला सेट एव्हर्ट ६-३, दुसरा मार्टिना टायब्रेकमध्ये. तिसऱ्यात ५-५, सर्व्हिस एव्हर्टची, स्कोअर ०-४०. तिथे एक पॉइंट गेला असता तर मार्टिना पुढच्या गेमला मॅचसाठी सर्व्ह करायला उभी. एव्हर्टने ती सर्व्हिस वाचवली. ६-५. आणि मॅच पॉइंटला मार्टिना नेटकडे आली तेव्हा एव्हर्टने बॅकहँड लाइनला समांतर असा काढला की बघतच राहावं. मार्टिनाने नेट ओलांडून तिच्या खांद्यावर हात टाकला. पुढच्या वर्षी पॅरिसला पुन्हा फायनल, पुन्हा मार्टिना, पहिला सेट २-६ गेल्यावर पुढचे दोन ६-३, ६-३, सातवं फ्रेंच ओपन, आणि सलग तेराव्या वर्षी निदान एकतरी ग्रँड स्लॅम. हे भिंतीला जमतं म्हणता? मग मला अशी भिंत दाखवा, मी घराला बांधून घेते.

याचा अर्थ मी मार्टिनाच्या विरोधात आहे असा कृपा करून काढू नका, कालपासून दोघांनी काढलाय. १९८३ ला ती ८६ जिंकली आणि १ हरली, असं वर्ष मी दुसऱ्या कोणाचं बघितलेलं नाही. २००३ ला ४६ व्या वर्षी तिने लिअँडर पेसबरोबर ऑस्ट्रेलियन आणि विम्बल्डनची मिक्स्ड डबल्स जिंकली तेव्हा नवऱ्यापेक्षा मीच जास्त ओरडले होते. एकीला मोठं म्हणायला दुसरीला भिंत करायची गरज पडते ती तुम्हाला, मला नाही.

ग्राफ आणि सेलेस, म्हणजे नंतरच्या पिढीतल्या स्टेफी ग्राफ आणि मोनिका सेलेस. अहो लेखाचं शीर्षकच एव्हर्ट आणि नवरातिलोव्हा होतं, उद्या म्हणाल हिंगिस कुठंय, हेनिन कुठंय. वड्याचं तेल वांग्यावर काढू नका. त्या दोघींवर लिहायचं तर १९९३ चं हॅम्बुर्ग, सेलेसवर कोर्टवरच झालेला चाकूहल्ला, टाळता येत नाही आणि ते असं येता-जाता लिहिण्यासारखं नाही, स्वतंत्र लिहीन तेव्हा लिहीन.

राहिलं ते डेप्थचं, म्हणजे वरच्या दोघी-तिघी सोडल्या तर बाकीच्या कच्च्या होत्या हे म्हणणं. पहिल्या फेऱ्या एकतर्फी व्हायच्या वगैरे वगैरे, यात फार पडत नाही, तो खूप मोठा विषय आहे आणि आज मला वेळ नाही. फक्त एकच विचारते. १९८४ ला मार्टिना सलग ७४ मॅचेस जिंकली, त्या याच डेप्थ नसलेल्या बायकांना हरवून जिंकली ना? की त्या ७४ जणी वेगळ्या होत्या? उत्तर द्यायचं तर स्वतःच्या नावाने द्या, नाहीतर मी छापणार नाही.