निफाडला पारा घसरला म्हणून तापमानवाढ खोटी ठरत नाही, आणि टेक्सासची लाईट एकट्या पवनचक्क्यांनी घालवली नाही

थंडीचा कडाका वाढला की एक मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरायला लागतो, थोडेफार शब्द बदलून दरवर्षी तोच. त्यात म्हटलेलं असतं की निफाडला हाडं गोठतायत, महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दव गोठतंय आणि हे लोक म्हणतात पृथ्वी तापतेय. हेच शास्त्रज्ञ पूर्वी हिमयुग येणार म्हणायचे. अवकाळी आणि गारा तर आजोबांच्या काळातही व्हायच्या. अमेरिकेत टेक्सासला पवनचक्क्या गोठल्या आणि माणसं अंधारात मेली. म्हणून सोलर-बिलर सगळं फॅड आहे, थंडीत चालत नाही, रात्री तर नाहीच, शेवटी कोळसाच खरा. आणि खाली लिहिलेलं असतं, शेतकरी बांधवांपर्यंत पोचवा. त्या शेवटच्या ओळीमुळे हे सविस्तर लिहितोय, कारण ज्यांचं यात सगळ्यात जास्त नुकसान होतंय त्यांच्याच गळी हे उतरवलं जातंय आणि ते बघून खरंच वाईट वाटतं.

"एवढी थंडी पडलीय, मग तापमानवाढ कुठंय?"

निफाडला थंडी पडते हे शंभर टक्के खरं आहे. २०१८ च्या डिसेंबरात तिथं पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता, आणि त्याच आठवड्यात नागपूरला ३.५ अंश नोंदले गेले, तो नागपूरचा नीचांक. आता गंमत नाही, नीट बघा, तेच २०१८ साल सगळ्या जगाची सरासरी काढली तर तोपर्यंतचं चौथं सर्वात गरम वर्ष निघालं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, कारण एक आहे एका गावाची पहाट आणि दुसरी आहे सगळ्या पृथ्वीचं वर्षभराचं मोजमाप, आणि हवामान म्हणून जे सरासरी धरतात ती तर तीस तीस वर्षांची असते.

आपल्याकडे थंडी येते कशी? पश्चिमी झंझावात, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वादळी लाटा, हिमालयात बर्फ टाकून पुढं सरकतात, मागून उत्तरेचे कोरडे गार वारे खाली उतरतात, आकाश निरभ्र असेल तर रात्री जमिनीची ऊब निघून जाते आणि पारा घसरतो. यातलं काहीही तापमानवाढीने बंद होणार नाही. हिवाळा यायचा थांबेल असं कुठल्याच शास्त्रज्ञाने म्हटलेलं नाही, हे मेसेज लिहिणाऱ्याने त्यांच्या तोंडी घातलेलं वाक्य आहे.

आता जुने आकडे बघा. पुण्याचा नीचांक १.७ अंश, तो १९३५ चा. मुंबईत सांताक्रूझचा ७.४ अंश, तो १९६२ चा. म्हणजे पुण्यात जवळपास ९० वर्षं आणि मुंबईत ६० हून जास्त वर्षं कुठल्याच थंडीला ते जमलेलं नाही. आणि दुसऱ्या बाजूला? भारतात १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये २०२४ सगळ्यात गरम वर्ष, फेब्रुवारी २०२५ हा सगळ्यात गरम फेब्रुवारी, आणि जगाचं २०२४ चं सरासरी तापमान औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा साधारण १.५५ अंशांनी वर. थंडीचे विक्रम एखाददुसरे मोडतात, नागपूरचं उदाहरण मीच वर दिलंय, पण गरमीचे विक्रम रांगेने मोडतायत, आणि यातला फरक ज्याला दिसत नाही त्याने हवामान खात्याचे महिन्याचे अहवाल एकदा तरी उघडून बघावेत, फुकट मिळतात.

"पूर्वी हेच लोक हिमयुग येणार म्हणायचे"

हे थोडक्यात. १९७० च्या दशकात काही मासिकांनी तशा बातम्या छापल्या होत्या, ते खरं. पण १९६५ ते १९७९ मधले शास्त्रीय निबंध नंतर मोजले गेले तेव्हा पृथ्वी थंड होईल म्हणणारे निघाले ७ आणि गरम होईल म्हणणारे ४४. तेव्हाही बहुमत कुठल्या बाजूला होतं ते यात आलं. आणि सूर्यामुळे सगळं होतंय म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की सूर्य जास्त तापवत असता तर वातावरणाचा खालचा थर आणि वरचा थर दोन्ही तापले असते, प्रत्यक्षात खालचा तापतोय आणि वरचा गार होतोय. कार्बन डायऑक्साईड वाढला की हेच होणार हे आधीपासून सांगितलेलं होतं. तो हवेच्या दर दहा लाख भागांत (पीपीएम) औद्योगिक काळाच्या आधी २८० भाग होता, आता ४२० च्या पुढं गेलाय.

"अवकाळी काय आजचा आहे?"

नाही, आजचा नाही. गारपीट आजोबांनी पण बघितली आणि पणजोबांनी पण. प्रश्न किती वेळा आणि कुठल्या दिवसात हा आहे. हवा एक अंशाने तापली की ती साधारण सात टक्के जास्त वाफ धरून ठेवते, म्हणजे जेव्हा कोसळायचं तेव्हा जास्त कोसळतं.

२०२१ च्या डिसेंबरची सुरुवात आठवा, थंडीच्या तोंडावर दिवसभर पाऊस, त्यात गार वारा, आणि पुणे-नगर भागात उघड्यावर बसवलेल्या शेकडो मेंढ्या एका रात्रीत गारठून मेल्या. २०२३ च्या नोव्हेंबरात २६ तारखेला नाशिक जिल्ह्यात गारा पडल्या, निफाडपट्ट्यातले द्राक्षबाग छाटणी होऊन घड लागलेल्या अवस्थेत होते, ज्यांनी ऑक्टोबर छाटणीला कर्ज काढून औषधं मारली होती त्यांच्या डोळ्यांसमोर घड जमिनीवर आले. ज्यांचे वाचले त्यांना पुढं ढगाळ हवेत डावणी, भुरी हे बुरशीचे रोग, आणि मग एकदम पारा पडला की मणी तडकणं आणि पिंक बेरी, म्हणजे मणी गुलाबी पडणं. थंडी पडली म्हणून तापमानवाढ नाही म्हणणाऱ्याने पहाटे चार वाजता बागेत शेकोट्या पेटवणाऱ्या आणि ड्रीप चालू ठेवणाऱ्या माणसाला विचारावं की त्रास कशाचा आहे. तो सांगेल, थंडीचा नाही, कधी काय होईल याचा नेम राहिला नाही याचा. आठवड्यात ढग, उकाडा, मग कडाका, मग परत ढग.

कोकणात हापूसचं तसंच. मोहोराला थंडी लागते, ती उशिरा आली तर मोहोर उशिरा, आणि फळं वाटाण्याएवढी झाल्यावर पुन्हा थंडी पडली तर पुनर्मोहोर येतो आणि झाड आधीची फळं टाकून देतं. आणि गहू? २०२२ चा मार्च हा दिवसाच्या तापमानात १९०१ पासूनचा सगळ्यात गरम मार्च होता, उत्तरेत दाणा भरायच्या वेळेलाच उन्हाने ओंब्या वाळल्या आणि १३ मे ला सरकारने गव्हाची निर्यात बंद केली. हिवाळा आठ-दहा दिवस आधी संपला तर काय होतं त्याचं याहून स्पष्ट उदाहरण मला देता येणार नाही.

"टेक्सासमध्ये पवनचक्क्या गोठल्या आणि लोक मेले"

यावर जरा थांबतो कारण मेसेजमधलं हेच सगळ्यात जास्त लोकांना पटतं, आणि ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनला आपली कितीतरी मराठी घरं आहेत, ते आठवडे त्यांनी काढलेत.

फेब्रुवारी २०२१. ध्रुवाकडची हवा खाली टेक्सासपर्यंत घसरली, डॅलसला उणे १९ अंश. १५ तारखेच्या पहाटे लोडशेडिंग सुरू झालं, ४५ लाखांहून जास्त घरं अंधारात, सरकारी आकड्यानुसार २४६ मृत्यू, बहुतेक थंडीने, काही घरात ऊब यावी म्हणून जनरेटर आणि गाड्या चालू ठेवून धुराने. सगळं ग्रीड, म्हणजे वीज वाहून नेणारं राज्यभराचं जाळं, पूर्ण कोसळायला साडेचार मिनिटांचं अंतर राहिलं होतं.

पवनचक्क्या गोठल्या का? हो, बऱ्याच गोठल्या, ते लपवायचं कारण नाही. पण ग्रीड चालवणाऱ्यांनीच १६ तारखेला सांगितलं की बंद पडलेल्या सुमारे ४५ हजार मेगावॅटपैकी जवळजवळ ३० हजार गॅस, कोळसा आणि अणुवीज होती, आणि सुमारे १६ हजार वारा आणि सोलर. नंतर अमेरिकेच्या केंद्रीय नियामकांनी चौकशी केली, त्यात टेक्सास आणि आसपासच्या राज्यांतल्या बंद पडलेल्या किंवा कमी क्षमतेने चाललेल्या संचांपैकी ५८ टक्के गॅसचे निघाले, २७ टक्के वाऱ्याचे. गॅसच्या विहिरींची तोंडं गोठली, पाइपलाइनमधे दाब राहिना, काही ठिकाणी गॅस ढकलणाऱ्या कॉम्प्रेसरचीच लाईट लोडशेडिंगमधे कापली गेली म्हणून गॅस आणखी कमी, आणि गॅस कमी म्हणून लाईट आणखी कमी. अणुभट्टीचा एक संच पाण्याच्या लाईनवरचा सेन्सर गोठून बंद पडला. वर टेक्सासने आपलं ग्रीड शेजारच्या राज्यांपासून वेगळं ठेवलंय, मागायला कुणाकडे जाणार. आणि २०११ मधेही असंच झालं होतं, तेव्हाच्या चौकशीत यंत्रं थंडीला टिकतील अशी करा म्हणून लिहून दिलं होतं, ते केलं नाही.

मेसेजसोबत हेलिकॉप्टरने पवनचक्कीवर गरम पाणी मारतानाचा फोटो येतो ना, तो टेक्सासचा नाहीच, स्वीडनचा आहे, कितीतरी जुना. स्वीडन, कॅनडात पाती गरम ठेवायची सोय करून उणे २०, उणे ३० मधे पवनचक्क्या चालतात. टेक्सासने नंतर कायदा करून वीजकेंद्रांना थंडीची तयारी सक्तीची केली, सोलर आणि बॅटऱ्या भरपूर वाढवल्या, आणि जानेवारी २०२४ च्या कडाक्यात तिथं लोडशेडिंगची वेळ आली नाही. (तापलेल्या आर्क्टिकमुळे ध्रुवाची थंडी जास्त वेळा खाली येते का, यावर शास्त्रज्ञांमधे अजून वाद आहे, म्हणून ते मी पुरावा म्हणून वापरत नाही. आर्क्टिक बाकी जगापेक्षा कितीतरी जास्त वेगाने तापतंय यावर मात्र वाद नाही.)

"थंडीत सोलर चालत नाही, कोळसाच खरा"

सोलर पॅनल उजेडावर चालतं, उष्णतेवर नाही. उलट पॅनल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते, म्हणजे मे महिन्यात पत्र्यासारखं तापलेलं पॅनल जे गमावतं ते जानेवारीच्या गार दुपारी गमावत नाही. महाराष्ट्रात डिसेंबरातही दिवस जवळपास ११ तासांचा असतो आणि आकाश बहुतेक मोकळं. दिल्ली-पंजाबात धुक्याने फटका बसतो ते खरं, आपल्याकडे त्यापेक्षा धुळीचा बसतो, पॅनल पुसावी लागतात.

वाऱ्याचं म्हणाल तर साताऱ्याला वनकुसवड्याच्या पठारावरच्या किंवा धुळ्याला ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या पावसाळ्यात जोरात आणि हिवाळ्यात मंद असतात. म्हणून एकट्या वाऱ्यावर कुणी विसंबत नाही. रात्रीसाठी साठवण लागते आणि ती काही परदेशातली स्वप्नातली गोष्ट नाही, अकोले तालुक्यातल्या घाटघरला २००८ पासून २५० मेगावॅटचं उदंचन केंद्र चालू आहे, वीज जास्त असेल तेव्हा खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी गरज असेल तेव्हा खाली सोडायचं. अशी आणखी केंद्रं पाहिजेत आणि बॅटऱ्याही पाहिजेत, खर्च आहे, वेळ लागेल.

आणि कोळसा कधी दगा देत नाही म्हणता? परळीचं औष्णिक केंद्र २०१५ मधे पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं. ऑक्टोबर २०२१ मधे देशभरातल्या कितीतरी केंद्रांवर चार दिवसांचाही कोळसा उरला नव्हता. आज देशाची बहुतेक वीज कोळशातून येते, उद्या तो बंद करा असं म्हणणं चूक आहे आणि मी म्हणतही नाही. जून २०२५ मधे देशाच्या एकूण वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-गॅस सोडून इतर स्रोतांचा झाला, पण क्षमता निम्मी म्हणजे प्रत्यक्षात तयार होणारे युनिट निम्मे नाहीत, हे सोलरवाल्यांनीही स्पष्ट सांगायला पाहिजे, काही जण सांगत नाहीत. अमेरिकेत माणशी १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साईड निघतो आणि आपल्याकडे २ टनांच्या, त्यामुळे आम्हीच का हा राग मला मान्य आहे. पण सोलर आपण अमेरिकेवर उपकार म्हणून लावत नाही. २०२० मधे गुजरातच्या लिलावात सोलरचा दर युनिटला १ रुपया ९९ पैशांपर्यंत आला होता, त्या दरात नवा कोळसा प्रकल्प वीज देऊच शकत नाही.

राहिला शेतकरी बांधव. रब्बीत गव्हाला, कांद्याला पाणी द्यायचं आणि लाईट रात्रीची, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. मेसेजमधल्या त्याच कडाक्याच्या थंडीत माणूस रात्री एकला बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जातो, पायाखाली साप, उसात बिबट्या, जुन्नर, निफाड, सिन्नरच्या लोकांना मी सांगायची गरज नाही. दिवसा लाईट द्या ही मागणी किती वर्षांची आहे! शेतीचे फिडर, म्हणजे सबस्टेशनवरून निघणाऱ्या वीजवाहिन्या, वेगळे करून सबस्टेशनजवळच्या सोलरवर चालवायचे, ही मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, तिचा दुसरा टप्पा २०२३ मधे आला, वैजापूर तालुक्यात धोंदलगावला ३ मेगावॅटचा पहिला प्रकल्प २०२४ मधे सुरू झाला. सोलर दिवसा चालतं, पिकाला पाणीही दिवसाच द्यायचंय, इथं रात्रीच्या साठवणीचा प्रश्नच कमी येतो. खाजगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख.

अडचणी आहेत. बऱ्याच ठिकाणी गायरान घेतलं जातं आणि मग शेळ्या-मेंढ्या चारायच्या कुठं हा प्रश्न खरा आहे, त्यावर चराई सोडून पडीक जागा शोधाव्या लागतील आणि गावाला विचारून शोधाव्या लागतील. आपला फिडर योजनेत आहे का, जागा कुठली धरलीय, काम कुठं अडलंय, हे महावितरणच्या ऑफिसात विचारता येतं, ग्रामसभेत लेखी मांडता येतं. ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्यांनी त्याच ग्रुपवर हे तीन प्रश्न टाकावेत, त्यावर मी दिवसभर बोलायला तयार आहे.